काळुरामचे सात ऐन

आमच्या गोठ्यात, म्हशीच्या गव्हाणीच्या वर, एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. जाड कागद, सोनेरी किनार, खाली साहेबांची झोकदार सही. श्री. पुंडलिक, म्हणजे अस्मादिक, यांनी आपल्या वाडीतील सात ऐनवृक्षांचे कोयत्यापासून संरक्षण केल्याबद्दल ते मला मिळालं. बाहेरच्या खोलीत त्यासाठी मी मोजूनमापून खिळा ठोकला होता. पण सगुणेने, म्हणजे माझ्या बायकोने, ते तिथून उचललं आणि गोठ्यात नेलं. म्हणाली, म्हशीला वाचू दे, ती कुणाला सांगायची नाय. त्या खिळ्याला आता माझी छत्री असते.

हे प्रमाणपत्र कसं मिळालं याची गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी थोडी वेगळी सांगितली आहे. आता सांगतो ती सगुणेसमोर बसून सांगतोय, त्यामुळे हीच खरी धरा.

आमची वाडी गडबच्या वर, डोंगराच्या पायथ्याला. माझी भातशेती थोडी, आणि खाली हायवेला सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर काढायला थांबलेल्या माणसाला पळून जाता येत नाही, त्यामुळे मला बोलण्याची सवय त्या दुकानातच लागली. पाण्याच्या परातीत ट्यूब बुडवली की माझं सुरू. देशाचं कसं चाललंय, पावसाचं काय चुकतंय, तरुणांनी काय करायला हवं. बुडबुडे कुठून येतात हे बघायचं राहूनच जायचं. चाक पुन्हा बसलं म्हणून गिऱ्हाईक परत आलं तरी मला वाटायचं, हा माझं उरलेलं बोलणं ऐकायला आला.

त्र्याण्णव सालच्या माघात रोह्याला एका संस्थेचं तीन दिवसांचं शिबिर होतं. विषय, जंगल राखा. प्रत्येक गावातून एक माणूस बोलावला होता आणि आमच्या वाडीतून जायला कुणालाच वेळ नव्हता, म्हणून मी गेलो. माघ-फाल्गुन म्हणजे आमच्याकडे कवळ तोडायचे दिवस. ज्याला हातपाय आहेत तो कोयता घेऊन माळावर असतो. मला हातपाय होते, पण शिबिरात जेवण होतं.

कवळ म्हणजे ऐनाच्या पाल्यासकट तोडलेल्या फांद्या. त्या सुकवायच्या, भाताचं बी जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत असे थरावर थर रचून वर माती पसरायची आणि चैत्र-वैशाखात सगळं भाजून काढायचं. याला राब म्हणतात. भाजलेल्या जमिनीत तण उगवत नाही, आणि रोप, आमच्या बोलीत आवण, असं जाड आणि काळंशार येतं की उपटताना मुठीत भरल्यासारखं वाटतं. आमचे बापजादे हेच करत आले. भातखाचराच्या जोडीला प्रत्येक घराची माळावर थोडी वरकस जमीन असते, ती मुळात या राबाच्या झाडांसाठीच. कुठलं झाड कुणाचं हे लहान पोरालाही माहीत असतं.

शिबिरात संस्थेच्या साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला. एका राबासाठी किती फांद्या जातात, एका तालुक्यात किती, जिल्ह्यात किती. आकडा शेवटी एवढा वाढला की तक्त्याचा कागद पुरला नाही. मला आमचा माळ दिसायला लागला, सगळी झाडं भादरलेली. खरोखर वाईट वाटलं. मग साहेबांनी विचारलं, आपल्या गावात राब बंद करण्याची जबाबदारी कोण घेईल? आणि माझा हात वर गेला. तो कुणी वर केला ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. टाळ्या झाल्या. टाळ्या माझ्यासाठी त्याआधी कधी झाल्या नव्हत्या.

परत आलो तो कापडी पिशवी, बिल्ला आणि एक पत्रक घेऊन. पत्रकात राब न भाजता रोप कसं करायचं ते होतं. माती उचलून गादीसारखा वाफा करा, शेणखत मिसळा, ओळीत बी टाका. पत्रक दोन पानांचं होतं. दुसरं पान मी परतल्या दिवशीच दुकानात कुणाला तरी सायकलच्या छऱ्यांची पुडी बांधून दिलं. त्यावर दोनदा खुरपणी करा, नाहीतर तण रोपाला खाईल, असं ठळक अक्षरात छापलेलं होतं, हे मला पुढच्या वर्षी समजलं.

आठवड्याभरात वाडीची समिती झाली आणि अध्यक्ष कोण हे सांगायची गरज नाही. ठराव केला की यंदापासून ऐनाला कोयता लावायचा नाही. लोकांनी हात वर केले आणि घरी गेले. नंतर बहुतेकांनी शेजारच्या हद्दीतून कवळ आणलं आणि मुकाट्याने राब भाजले. धूर दिसायचा तेव्हा मी दुकानात त्या बाजूला पाठ करून बसायचो. अख्ख्या वाडीत ठराव पाळणारे दोघेच निघाले, एक मी आणि दुसरा काळुरामबाबा.

काळुरामबाबा आमच्या बांधाला बांध लागून असलेला शेजारी, वय सत्तरीच्या पुढे. त्याच्यासारखं आवण पंचक्रोशीत कुणाचं येत नसे. लोक म्हणत, बी कुठलंही असो, हात काळुरामचा पाहिजे. पेरणीला लोक त्याला घरी बोलवायचे, नुसती पहिली मूठ टाकायला. त्याच्या वरकसात उतारावर सात ऐन होते, एका रांगेत, मगरीच्या पाठीसारख्या सालीचे. त्या उताराला सगळे काळूची सात असंच म्हणायचे. त्याच्या बापानेही त्यांचंच कवळ घेतलं होतं. वरच्या ठाकरवाडीची बायजाबाई दरवर्षी त्याच्यासाठी झाडावर चढायची आणि काळुरामबाबा खाली उभा राहून एकच गोष्ट ओरडायचा, शेंडा राख. सगळ्या फांद्या घे पण शेंड्याला हात लावू नको. शेंडा राखला की झाड पुढच्या साली पुन्हा भरून येतं. एकदा विजेच्या तारांसाठी त्यातल्या एका झाडाचा शेंडा उडवायला माणसं आली होती. हा भाकरी घेऊन बुंध्याशी जेवायला बसला आणि दिवस मावळेपर्यंत जेवतच राहिला. तारा शेवटी वळवून नेल्या.

अशा माणसाला मी झाडं वाचवायला शिकवायला गेलो. तासभर बोललो. तो ऐकून घेत होता, मध्येच एकदा त्याने विचारलं की आवण नक्की येईल ना. मी पत्रकाचं पहिलं पान दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं आणि एका डोळ्यात मोतीबिंदू होता. माझा बाप आणि तो एका नांगराला बैल जुंपलेले दोस्त, बापावर होता तोच भरोसा त्याने माझ्यावर ठेवला. "तू शिकलेला हायस," एवढंच म्हणाला. त्या साली काळूच्या सातांना कोयता लागला नाही आणि बायजाबाईला कवळाच्या मजुरीचं भात मिळालं नाही. तिची मी समजूत काढली की हे तुमच्याच भल्याचं आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं भाषण गिळलं.

आता माझ्या वाफ्याचं ऐका. मृगात बी टाकलं. पंधरा दिवसांत वाफा हिरवागार झाला. मी सगुणेला हाक मारून दाखवायला नेलं. ती वाकली, दोन काड्या उपटल्या, वास घेतला आणि सांगितलं की हे गवत आहे. भात होतं, पण गवताच्या खाली, पिवळं, केसासारखं बारीक. मी म्हटलं वर येईल. चार दिवसांनी गवत आणखी वर आलं.

आणि नेमका त्याच वेळी साहेबांचा निरोप आला. रविवारी काही पाहुणे घेऊन प्रयोग बघायला येतो, फोटो काढू, संस्थेच्या अंकात छापू.

माझ्या जागी कुणी बरा माणूस असता तर त्याने कळवलं असतं की प्रयोग फसला. मी शुक्रवारी एसटी पकडली आणि रोह्याच्या अलीकडे सगुणेच्या माहेरी गेलो. तिच्या भावाचं, मोरूचं, आवण तयार होतं. चांगलं भाजलेल्या राबाचं, जाड, काळंशार. मोरूने विचारलं, भावजी, तुमच्याकडे राब बंद आहे ना? मी म्हटलं, तुलना करायला पाहिजे, प्रयोगाचा भाग आहे. शनिवारी सकाळी टेम्पोत आवणाच्या मुठी भरून, वर ताडपत्री टाकून मी वाडीत आलो. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

मग मी जे केलं ते भातशेतीच्या इतिहासात कुणी केलं असेल असं वाटत नाही. लोक आवण उपटतात आणि खाचरात लावतात. मी उपटून आणलेलं आवण परत वाफ्यात लावलं. गवत काढून फेकलं आणि ओळीओळीने एकेक काडी चिखलात खोचली, इथेच उगवल्यासारखी. सगुणा माझ्या शेजारी वाकून खोचत होती. संध्याकाळी कंबर सरळ करताना म्हणाली, "माझ्या भावाचं आवण हाय. मरू देऊ नका." बस.

रविवारी साहेब आले. मला वाफ्यात उकिडवं बसवून हातात रोपं धरायला लावली आणि फोटो काढला. वाडीतले लोक लांब उभे राहून बघत होते. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असणार, पण त्यांनी स्वतः राब भाजलेले, ते कशाला बोलतील. काळुरामबाबा तेवढा जवळ आला. त्याला लांबून दिसायचं नाही. वाफ्याच्या कडेला बसला, एक रोप बुडाशी अंगठा आणि बोटात धरलं, सावकाश चोळून बघितलं. मग दुसरं. मग तिसरं. त्याची बोटं थांबली.

"ह्ये तुझ्याच वाफ्यात आलं?" त्याने विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

साहेब शेजारीच उभे होते. कॅमेरा गळ्यात होता. काळुरामबाबा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आपल्या खाचराकडे गेला. त्याचा वाफा बांधापलीकडेच होता. तिथे मी सांगितलं तसंच सगळं केलेलं, माती उचलून, शेणखत घालून, ओळीत. आणि तिथे गवत. मी बघितलं होतं. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, विसरेल. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी फोटोत डोळे मिटले की काय याच काळजीत होतो.

त्याच्या पिवळ्या आवणाची लावणी झाली, पीक जेमतेम आलं. दसऱ्यानंतर एकदा मी त्याला बांधावर बसलेलं बघितलं, हाताचा पंजा डोळ्यासमोर धरून उलटसुलट करून बघत होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, काय नाय, वय झालं. पुढच्या पेरणीला बोलवायला आलेल्या दोन घरांना त्याने नको म्हणून सांगितलं. मी यावर दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होतो की जुनी माणसं नव्या पद्धतीला कशी घाबरतात.

पुढचा माघ आला. एक दिवस बायजाबाई दुकानाशी येऊन उभी राहिली. तिच्याकडे सायकल नव्हती, त्यामुळे ती मोकळी उभी होती आणि मीच हातात ट्यूब घेऊन अडकलेलो.

तिने सांगितलं की काळूच्या सातांवर चुन्याचे पट्टे ओढलेत. पेणचा वखारवाला येऊन बघून गेला. काळुरामबाबाचा मुलगा दत्ता कंपनीत शिफ्टला जायचा, त्याचं बऱ्याच वर्षांपासून चाललं होतं की ती झाडं देऊन टाकू. म्हातारा दरवेळी म्हणायचा, मग राबाला काय घालू? यंदा त्याने हो म्हटलं. कागदपत्रं सगळी झालेली.

"तुमी कोयता बंद केलात," बायजाबाई म्हणाली. "आता कुऱ्हाड येतेय."

मी दुकान उघडं टाकून वर गेलो. काळुरामबाबा पडवीत दोर वळत बसला होता. मी अध्यक्ष म्हणून बोलायला सुरुवात केली. झाडं प्राणवायू देतात. झाडांवर पाखरं असतात. मुळं माती धरतात, ओढ्याचं पाणी टिकतं. शिबिरातलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. त्याने दोर बाजूला ठेवला आणि शांतपणे सांगितलं की राब नाही तर ती झाडं त्याच्या काय कामाची, आणि राब लागत नाही हे तर मीच दाखवून दिलं. त्याने स्वतः हात लावून बघितलं आहे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं. पण दोन दिवसांनी साहेब प्रमाणपत्र घेऊन येणार होते. सात ऐन वाचवल्याचं मीच कळवलेलं, अंकात फोटो छापून आलेला, तो मी दुकानात आरशाशेजारी चिकटवलेला. मी प्राणवायूचं आणखी एकदा सांगितलं आणि घरी आलो.

सगुणेला सगळं कळलंच होतं. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, उद्या सकाळी तुम्ही सांगता की मी सांगू. मी म्हटलं, मी सांगतो, पण साहेब येऊन गेल्यावर. ती म्हणाली की झाडं साहेबांची वाट बघत उभी राहायची नाहीत. मला तिचा राग आला. जेवताना मी भाकरीला मीठ कमी आहे असं काहीतरी म्हणालो. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाकडे निघालो होतो. ओढ्यापर्यंत गेलो आणि वरून आवाज आला. आधी लाकूड तडकल्याचा, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग जमिनीवर काहीतरी एवढं मोठं पडलं की माझ्या सायकलची घंटी आपोआप वाजली. मी तिथेच उभा राहिलो. मनात म्हणालो, दुसरंच कुठलं असेल. थोड्या वेळाने पुन्हा तसाच आवाज आला. मग मात्र सायकल ओढ्यात टाकून पळत सुटलो.

दोन ऐन आडवे पडले होते. तिसऱ्याला दोर बांधलेला, करवत बुंध्याला टेकवलेली. काळुरामबाबा झाडांकडे पाठ करून एका दगडावर बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. धाप लागली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे भाषण तयार नव्हतं.

"बाबा, ते आवण माझं नव्हतं," मी म्हणालो. "मोरूच्या भाजलेल्या राबाचं. रोह्याकडून आणून वाफ्यात खोचलं होतं. माझ्या वाफ्यात गवतच आलं, तुमच्यासारखं."

तो माझ्याकडे बघत राहिला. एका डोळ्याला दिसत नसलं तरी दोन्ही डोळ्यांनी बघत होता. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "माझा हात गेला."

आणि त्याने तो पंजा पुन्हा डोळ्यासमोर धरला, दसऱ्यानंतर बांधावर धरला होता तसा. वर्षभर हा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसला होता. ज्या हातासाठी लोक दारात येऊन उभे राहायचे, तो हात त्याने माझ्या एका 'व्हय'वर टाकून दिला होता. मी रडलो. अध्यक्षाला शोभेल असं नाही, नाक पुसत.

तो उठला आणि करवतवाल्यांना दोर सोडायला सांगितला. त्यांनी मुकादमाला बोलावलं, मुकादमाने दत्ताला, दत्ता शिफ्टवरून नुकताच आलेला, डोळे लाल. बापलेकाचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, ऐकायला जवळ जायची माझी हिंमत नव्हती. पडलेली दोन झाडं ते लोक ओढून घेऊन गेले. उतारावर दोन पांढरे बुंधे राहिले, ओले. त्यांचा वास दुपारभर येत होता.

घरी जायला निघालो तेव्हा काळुरामबाबाने हाक मारली. उद्या सकाळी कोयता घेऊन ये म्हणाला, कवळाला आधीच उशीर झाला आहे. मी सांगितलं की उद्या साहेब यायचेत. तो म्हणाला, "मग लवकर ये."

मी लवकर गेलो. बायजाबाई आधीच तिथे होती. मला वाटलं ती चढणार आणि मी खाली फांद्या गोळा करणार. तिने कोयता अडकवायची कंबरेची आकडी सोडून माझ्या हातात दिली आणि झाडाखालच्या दगडावर जाऊन बसली. गेल्या वर्षीचं भात तुमच्याकडे राहिलंय, म्हणाली, चढा.

झाडावर मी शेवटचा चढलो होतो शाळेत असताना. ऐनाची साल हात सोलून काढते. पहिल्या बेचक्यापर्यंत जाताना माझा बिल्ला कुठेतरी पडला. तो मी सवयीने लावून आलो होतो. दुसऱ्या बेचक्यात लाल मुंग्यांचं घरटं होतं. बायजाबाई खालून सांगत होती, ही घ्या, ती घ्या, कोयता असा नाय, तिरका मारा, नायतर साल फाटते. काळुरामबाबा काही बोलत नव्हता. मी एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने तोडत होतो, आणि तिसरा हात नसल्यामुळे मुंग्यांना त्यांचं काम करू देत होतो. वाडीतले लोक हळूहळू जमले, त्यांत सगुणाही. कामधंदा सोडून जमले. शिबिराला जायला कुणाला वेळ नव्हता, याला होता.

दहाच्या सुमाराला जीप आली. साहेब उतरले, बरोबर दोन पाहुणे, एकाच्या हातात चकचकीत कागदात गुंडाळलेलं प्रमाणपत्र. झाडाखाली तोडलेल्या फांद्यांचा ढीग होता आणि वर पानांतून माझे दोन पाय दिसत होते. साहेबांनी काळुरामबाबाला विचारलं, झाडावर कोण आहे.

"आमचे अध्यक्ष," काळुरामबाबा म्हणाला. "झाडं वाचवतात."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी वर बघितलं, मी खाली बघितलं. नमस्कार करावा असं वाटलं, पण त्यासाठी फांदी सोडावी लागली असती. साहेब माणूस वाईट नव्हते. ते ओरडले नाहीत. त्यांना बहुधा वाटलं की काहीतरी असेल, चौकशी करू. त्यांनी वही काढली आणि रांगेवरून बोट फिरवत मोजायला लागले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं.

"पुंडलिकराव," त्यांनी खालून विचारलं, "तुमच्या पत्रात सात ऐन लिहिलेत. इथे पाचच आहेत."

काळुरामबाबाने वर माझ्याकडे बघितलं. त्याने मनात आणलं असतं तर काहीही सांगता आलं असतं. वादळात पडले, कीड लागली, दत्ताने विकले. शेवटचं तर खरंच होतं. त्याने ते माझ्यावर सोडलं. सगळी वाडी वर बघत होती. मला पाहिजे होते तेवढे श्रोते आयुष्यात पहिल्यांदा एकत्र जमले होते.

"दोन मी मारले," मी म्हणालो.

साहेबांना नीट ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने. मग आवणाचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, पत्रकाच्या पहिल्या पानाबद्दल सांगितलं. दुसरं पान हरवलं हे सांगितलं तेव्हा साहेबांनीच खालून मला त्यावर काय छापलं होतं ते सांगितलं. छापून आणलेलं प्रमाणपत्र परत कुठे न्यायचं हे त्यांनाही कळेना. शेवटी त्यांनी ते सगुणेच्या हातात दिलं आणि जीपमध्ये बसून गेले.

जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी कोयता पुन्हा उचलला. घाई झाली होती. खाली उतरून घरी जावं, दार लावून घ्यावं असं झालं होतं. डोक्यावरच एक सरळसोट फांदी होती, मी तिच्यावर कोयता उगारला.

"पुंडल्या," खालून काळुरामबाबा ओरडला, त्याला त्या उंचीवरचं काहीच दिसत नसताना. "शेंडा राख."